खेळ, पोट आणि प्रतिष्ठा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून गोल्फवर बोलायचे म्हणजे थोडे धाडसाचे काम. कुस्तीवर बोलावे तर समोरच्या निम्म्या श्रोत्यांनी तालमीची माती अंगाला लावलेली असते, आणि क्रिकेटवर बोलावे तर वक्त्यापेक्षा श्रोत्यांनाच अधिक कळते. गोल्फचे तसे नाही. मैलभर पसरलेली हिरवळ, भोवती तारेचे कुंपण, फाटकावर पहारेकरी आणि आत चार सुखवस्तू माणसे. एवढेच बहुतेकांना या खेळाचे दर्शन, आणि तेही रस्त्यावरून जाता जाता झालेले. त्यामुळे असा प्रश्न कोणी विचारील, की या श्रीमंतांच्या करमणुकीशी आम्हांला काय कर्तव्य?

प्रश्न रास्त आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो, की या खेळाचे गुणगान करण्याकरिता आम्ही येथे उभे नाही. त्या कुंपणाच्या आत काही माणसे खेळायला जात होती आणि काही माणसे पोट भरायला जात होती. दुसऱ्या प्रकारच्या माणसांनी १९१६ साली अमेरिकेत स्वतःची एक स्पर्धा उभी केली. तिला पी. जी. ए. चॅम्पियनशिप, म्हणजे धंदेवाईक गोल्फपटूंच्या संघाची अजिंक्यपद स्पर्धा, असे म्हणतात. जगातल्या चार सर्वश्रेष्ठ गोल्फ स्पर्धांत आज तिची गणना होते. ती जन्माला कशी आली, तिने कोणाला मान दिला आणि कोणाला तो नाकारला, एवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम दोन शब्दांचा निकाल लावू. 'हौशी' आणि 'धंदेवाईक'. आपल्या भाषेत हौशी म्हटले की मन प्रसन्न होते आणि धंदेवाईक म्हटले की कपाळाला आठी पडते. हौशी म्हणजे प्रेमाने करणारा, धंदेवाईक म्हणजे पैशाकरिता करणारा, अशी आपली समजूत. परंतु ज्याच्या घरी दोन वेळच्या अन्नाची भ्रांत नाही त्याला केवळ प्रेमाने खेळणे सोपे आहे. ज्याला तोच खेळ खेळून चूल पेटवावी लागते, त्याचे प्रेम कमी असते असे कोणी ठरवले? इंग्लंड-स्कॉटलंडात ही विभागणी गुणांवरून झालेली नव्हती, कुळावरून आणि खिशावरून झालेली होती. ज्याच्याजवळ फुरसत तो सद्गृहस्थ, आणि ज्याच्याजवळ कसब तो नोकर, असा हा हिशेब होता.

गोल्फ क्लबातील हा धंदेवाईक काय काय करीत असे ते पाहा. सभासदांना खेळ शिकवावा, त्यांच्या काठ्या घडवाव्यात, मोडल्या तर दुरुस्त कराव्यात, चेंडू विकावेत, पुष्कळ ठिकाणी मैदानाची निगाही राखावी. बहुतेकांचा आरंभ कॅडी म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहणारा पोर म्हणून झालेला. मैदानावर ज्याचा फटका पाहून सभासद माना डोलवीत, त्याला क्लबाच्या मुख्य इमारतीत मात्र पाऊल टाकण्याची मुभा नसे. गुरू म्हणून हवा, पण पंक्तीला नको, असा हा प्रकार. आपल्या देशाला या वागण्याची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही.

धंदेवाईकांच्या स्पर्धा पूर्वी नव्हत्या असे नाही. १८६० साली स्कॉटलंडात प्रेस्टविक येथे पहिली ओपन स्पर्धा झाली, तीत आठ धंदेवाईक खेळले. बक्षीस होते चामड्याचा एक पट्टा. रोख रक्कम काही नव्हती. स्पर्धा भरवणारे मात्र क्लबाचे सद्गृहस्थ. पुढे १९०१ साली जे. एच. टेलर या थोर खेळाडूच्या पुढाकाराने ब्रिटनमधील धंदेवाईकांनी आपला संघ स्थापन केला. टेलर हा स्वतः कष्टकरी घरातला. जे काम एकट्याच्या मोठेपणाने होत नाही ते संघटनेने होते, हे त्याने ओळखले. १९०३ साली 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या मदतीने या संघाने सनिंगडेल येथे आपल्या सभासदांची स्पर्धा भरवली आणि जेम्स ब्रेड याने ती जिंकली. अमेरिकेतील स्पर्धेने हाच कित्ता पुढे गिरवला.

आता अमेरिकेकडे वळू. त्या देशात गोल्फ झपाट्याने पसरत होता आणि क्लबांना शिकवणारी माणसे हवी होती. ती स्कॉटलंड-इंग्लंडातून बोटीने येत. त्यांच्यासोबत काठ्या घडवण्याची विद्या आली आणि मागच्या दाराने आत जाण्याची रीतही आली. ज्या देशाने राजा नाकारला, त्या देशाच्या क्लबांनी सरदारांचे शिष्टाचार मात्र हौसेने उचलले!

१९१३ साली एक विलक्षण घटना घडली. बॉस्टनजवळ ब्रुकलाइन येथे अमेरिकन ओपन स्पर्धेत फ्रान्सिस उइमे या वीस वर्षांच्या हौशी पोराने हॅरी व्हार्डन आणि टेड रे या दोन नामांकित ब्रिटिश धंदेवाईकांना निर्णायक फेरीत हरवले. उइमे त्याच मैदानासमोर राहणारा, सामान्य घरातला, लहानपणी तेथेच कॅडीचे काम केलेला. त्या दिवशी त्याच्या काठ्या वाहणारा एडी लॉरी हा मुलगा तर अवघा दहा वर्षांचा होता. या विजयाने अमेरिकेत गोल्फची लाट आली. परंतु याच उइमेने पुढे खेळाच्या सामानाच्या दुकानाचा व्यवसाय केला, तेव्हा १९१६ साली अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने त्याचा हौशी दर्जा काढून घेतला. तो त्याला १९१८ साली परत मिळाला. चेंडू विकला की हात विटाळतात आणि चेंडू नुसता टोलवला की पवित्र राहतात, अशी ती सोवळ्याची कल्पना होती.

अशा वातावरणात रॉडमन वॉनामेकर याचा प्रवेश होतो. फिलाडेल्फियाच्या प्रसिद्ध वॉनामेकर पेढीचा हा वारस. त्याच्या भल्या मोठ्या दुकानांत इतर वस्तूंबरोबर गोल्फचे सामानही विकले जाई. १७ जानेवारी १९१६ रोजी त्याने न्यूयॉर्कच्या मार्टिनिक हॉटेलात काही नामवंत खेळाडूंना आणि गोल्फमधील जाणत्यांना भोजनाला बोलावले. धंदेवाईकांचा देशव्यापी संघ असावा आणि त्यांची स्वतःची स्पर्धा असावी, अशी कल्पना तेथे मांडली गेली. १० एप्रिल १९१६ रोजी संघ रीतसर स्थापन झाला. आरंभीचे सभासद ३५. स्पर्धेसाठी चषक आणि रोख बक्षिसे वॉनामेकरने देऊ केली. यात त्याचा व्यापारी डोळा नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या शब्दावर सभासद सामान विकत घेतात, त्या शिक्षकांशी दुकानदाराने स्नेह जोडावा यात नवल ते काय? पण व्यापाऱ्याला या माणसांचे मोल कळले ते क्लबांच्या सभासदांना कळले नव्हते, हेही त्याच दमात नोंदवले पाहिजे.

१९१६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कजवळ ब्रॉंक्सव्हिल गावी सिवानॉय क्लबाच्या मैदानावर ही पहिली स्पर्धा झाली. ३२ खेळाडू होते. एकूण बक्षिसे २,५८० डॉलरची; त्यांतले ५०० डॉलर विजेत्याला. खेळाची पद्धत कुस्तीच्या दंगलीसारखी. गोल्फमध्ये दोन रीती आहेत. एकीत साऱ्या मैदानात मारलेले एकूण फटके मोजतात. ज्याचे कमी तो विजयी. दुसऱ्या रीतीत जोडीजोडीने सामना होतो आणि प्रत्येक खळग्याचा हिशेब वेगळा. कमी फटक्यांत ज्याचा चेंडू खळग्यात, तो खळगा त्याचा. एका खळग्यापाशी दहा फटके वाया गेले तरी नुकसान एकाच खळग्याचे. पुढच्या ठिकाणी पाटी कोरी. हरला तो घरी गेला, जिंकला तो पुढच्या जोडीला भिडला. पहिली स्पर्धा या दुसऱ्या रीतीने झाली आणि १९५७ पर्यंत ती रीत चालली. १९५८ पासून एकूण फटके मोजू लागले.

उपांत्य फेरीत चौघे उरले. जिम बार्न्सने विली मॅकफार्लेनला सहज नमवले. दुसरीकडे जॉक हचिसनने वॉल्टर हेगनला चुरशीच्या लढतीत हरवले. १४ ऑक्टोबर, शनिवार, अंतिम सामना. बार्न्स हा इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातला. मुलगा असताना कॅडी, मग काठ्या घडवणाऱ्याकडे उमेदवार, आणि १९०६ साली अमेरिकेत दाखल झालेला. सहा फुटांहून उंच, म्हणून लोक त्याला 'लाँग जिम' म्हणत. हचिसन हा सेंट अँड्र्यूजचा, म्हणजे गोल्फच्या पंढरीतला. याच वर्षीच्या अमेरिकन ओपनमध्ये हा दुसरा आला होता. तेथे पहिला आला तो चिक इव्हान्स, एक हौशी खेळाडू. तेव्हा आपल्या बिरादरीच्या पहिल्या स्पर्धेत तरी मान आपल्याला मिळावा, ही हचिसनची आस किती तीव्र असेल!

छत्तीस खळग्यांचा हा सामना दिवसभर चालला आणि अखेरच्या खळग्यापर्यंत रेंगाळला. पस्तीस झाले तरी दोघे बरोबरीत. छत्तिसाव्यापाशी दोघांचेही चेंडू अगदी जवळ येऊन थांबले. लांबवर चेंडू भिरकावण्याचे सारे बळ अशा वेळी निरुपयोगी ठरते. हवा असतो तो एक हलका, मोजका धक्का. हचिसनचा धक्का चुकला, बार्न्सचा लागला. एका खळग्याच्या अंतराने जिम बार्न्स पहिला विजेता झाला.

या दोघांची नावे आज गोल्फच्या बाहेर कोणाला ठाऊक आहेत? आणि तरीही ही स्पर्धा आम्ही ऐतिहासिक म्हणतो, ती त्या छत्तिसाव्या खळग्याकरिता नव्हे. धंदेवाईकांनी धंदेवाईकांकरिता भरवलेली अमेरिकेतली ही पहिली मोठी स्पर्धा. खेळाडू त्यांचे आणि संघही त्यांचा. हा कोणाच्या कृपेचा तुकडा नव्हता. कारागिरांच्या समुदायाने आपल्यातला उत्तम कारागीर आपणच निवडला, यात या स्पर्धेचे खरे महत्त्व आहे.

लगेच महायुद्ध आले. अमेरिका युद्धात उतरली आणि १९१७ व १९१८ साली स्पर्धा झाली नाही. १९१९ मध्ये ती पुन्हा भरली तेव्हा बार्न्सच पुन्हा विजयी झाला. १९२० मध्ये हचिसननेही चषक मिळवला, आणि दैवाने त्याची बाकी फेडली. त्यानंतरचा काळ वॉल्टर हेगनचा. लोहाराचा हा मुलगा. कॅडी म्हणून सुरुवात केलेला, पण वागणे राजपुत्राचे. त्याने ही स्पर्धा पाच वेळा जिंकली. १९२४ ते १९२७ तर सलग चार वर्षे. मध्यंतरी तो भला थोरला चषक त्याच्याकडून कोठेतरी हरवलाही आणि पुढे काही वर्षांनी सापडला.

हेगनने जिंकलेल्या चषकांपेक्षा त्याने ओलांडलेले उंबरठे आम्हांला मोलाचे वाटतात. १९२० साली तो इंग्लंडात डील येथे ब्रिटिश ओपनसाठी गेला. धंदेवाईकांना क्लबाच्या इमारतीत कपडे बदलण्याची परवानगी नव्हती. याने एक आलिशान मोटार भाड्याने घेतली, ती क्लबाच्या दारातच उभी करवली आणि मोटारीत कपडे बदलले! १९२३ साली ट्रून येथे तो दुसरा आला. आठवडाभर दार बंद ठेवून शेवटी बक्षीस समारंभाला आत बोलावले, तेव्हा हा आत गेला नाही. जमलेल्या लोकांना घेऊन जवळच्या साध्या पेयगृहात गेला. परंतु सगळीच दारे भांडून उघडावी लागली असे नाही. १९२० सालीच ओहायो राज्यातील टोलेडो गावच्या इन्व्हर्नेस क्लबाने अमेरिकन ओपनच्या वेळी धंदेवाईकांना आपली इमारत मोकळी केली. खेळाडूंनी वर्गणी काढून त्या क्लबाला एक उंच घड्याळ भेट दिले. ज्यांनी माणूस म्हणून आत घेतले त्यांचे उपकार कष्टकरी माणूस कसा स्मरतो, त्याची ही खूण.

येथे व्याख्यान संपवता आले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण कथेचा दुसरा भाग सांगितल्यावाचून पहिल्या भागाला किंमत नाही.

१८९६ साली शिनेकॉक हिल्स येथे अमेरिकन ओपन स्पर्धेत जॉन शिपेन नावाचा जेमतेम सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा उतरला होता. त्याच्याबरोबर आम्ही खेळणार नाही, असे काही धंदेवाईकांनी बजावले. संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हॅव्हमायर यांनी शिपेनला वगळण्यास ठाम नकार दिला. मग बजावणारे मुकाट्याने खेळले, आणि शिपेन पहिल्या फेरीअखेर आघाडीवर असणाऱ्यांत होता. लक्षात घ्या, येथे दार उघडे ठेवणारा श्रीमंत सद्गृहस्थ होता, आणि दार लावा म्हणणारे स्वतः मागच्या दाराने येणारे कारागीर होते.

१९३४ साली याच कारागिरांच्या संघाने आपल्या घटनेत एक कलम घातले: सभासदत्व फक्त गौरवर्णीयांना. ज्या संघाचा जन्मच अपमानातून झाला, त्याने दुसऱ्याच्या अपमानाला कायद्याचे रूप दिले. १९४८ साली बिल स्पिलर, टेड ऱ्होड्स आणि मॅडिसन गुंटर या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंना कॅलिफोर्नियातील रिचमंडच्या स्पर्धेत प्रवेश नाकारला गेला. त्यांनी दावा लावला. वचन देऊन तो मिटवला गेला आणि वचनाला पळवाट काढली गेली. स्पर्धांना 'निमंत्रितांच्या' म्हणू लागले, म्हणजे नको त्याला निमंत्रण धाडले नाही की झाले. हा स्पिलर रेल्वे स्टेशनवर हमाली करून पोट भरत होता.

कलम गेले ते १९६१ च्या नोव्हेंबरात. त्यामागे चार्ली सिफर्डसारख्या खेळाडूंची चिकाटी होती, आणि कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता स्टॅन्ली मॉस्क यांचा कायद्याचा बडगाही होता. १९६२ ची पी. जी. ए. चॅम्पियनशिप लॉस एंजेलिसला व्हायची होती. भेदभावाची स्पर्धा आमच्या राज्यात होऊ देणार नाही, असे मॉस्क यांनी बजावले. संघाने प्रथम स्पर्धाच फिलाडेल्फियाजवळ हलवली, मग कलम काढले. कागदावरून गेलेले मनातून लगेच जात नाही. १९९० साली हीच स्पर्धा अलाबामातील शोल क्रीक क्लबात होती. आम्ही कृष्णवर्णीय सभासद घेत नाही, अशा आशयाचे उद्गार त्या क्लबाच्या संस्थापकाने काढले आणि देशभर गदारोळ उठला. जाहिरातदारांनी पाठ फिरवली, तेव्हा कोठे घाईघाईने एका कृष्णवर्णीय गृहस्थाला सभासद करून घेण्यात आले. शिपेन, ऱ्होड्स आणि स्पिलर यांना संघाने सभासदत्व दिले ते २००९ साली. तिघेही तेव्हा हयात नव्हते.

हे ऐकून अमेरिकेकडे बोट दाखवण्याचा मोह कोणाला होईल, तर त्याने पुण्याचा इतिहास आठवावा. ज्या काळात बार्न्स आणि हेगन घडत होते, त्याच्या थोडे आधी पुण्यातील गोऱ्यांच्या जिमखान्यात पळवणकर बाळू हा तरुण खेळपट्टीची देखभाल करी आणि साहेबांना गोलंदाजी टाकी. पुढे तो हिंदूंच्या संघात आला. गोऱ्यांनी त्याला नोकर म्हणून वागवले ते एक वेळ समजू. पण त्याच्या गोलंदाजीवर सामने जिंकणारे त्याचे आपलेच सहकारी त्याला चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात देत. १९११ साली त्याने इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरांहून अधिक बळी घेतले, आणि तरी हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्याच्या वाट्याला आले नाही. जातीचे जू आणि क्लबाचे फाटक यांची आम्ही बरोबरी करीत नाही. पहिले फार जड आहे. पण वरच्याने केलेला अपमान सोसलेला माणूस खालच्याचा अपमान करायला कसा सरसावतो, हा धडा दोन्हीकडे एकच आहे.

मग १९१६ ची ती स्पर्धा फोल ठरली काय? आम्हांला तसे वाटत नाही. एक गोष्ट सांगतो. खेळून लाखो डॉलर मिळवणारे खेळाडू आणि क्लबात शिकवणारे व्यावसायिक यांची वाट १९६८ साली वेगळी झाली. तरीही या चॅम्पियनशिपमध्ये आजही क्लबात शिकवणाऱ्या व्यावसायिकांसाठी वीस जागा राखून ठेवलेल्या असतात. २०२३ साली ओक हिल येथे मायकेल ब्लॉक नावाचा असाच एक शिक्षक शेवटच्या दिवशी जगद्विख्यात रॉरी मॅकिलरॉयच्या जोडीने खेळला. पंधराव्या ठिकाणी त्याने एकाच फटक्यात चेंडू थेट खळग्यात घातला, आणि जगातल्या अव्वल खेळाडूंच्या मेळ्यात तो संयुक्त पंधरावा आला. त्या दिवशी लोकांनी केलेला जयघोष बार्न्स-हचिसनांच्या बिरादरीलाच होता.

आणि दार किती उघडले याचे माप हवे असेल तर तेही आहे. २००९ साली दक्षिण कोरियाच्या वाय. ई. यांगने याच स्पर्धेत टायगर वुड्सला मागे टाकले. पुरुषांच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक जिंकणारा तो आशियात जन्मलेला पहिला खेळाडू. २०१५ साली व्हिसलिंग स्ट्रेट्स येथे अनिर्बान लाहिरी संयुक्त पाचवा आला. तोवर कोणा भारतीयाला अशा मोठ्या स्पर्धेत इतके वर पोचता आले नव्हते. या लाहिरीचा जन्म पुण्याचा.

तात्पर्य थोडक्यात सांगतो. पोटासाठी खेळणारा माणूस खेळाचा अपमान करीत नाही. त्याला पंक्तीबाहेर बसवणारा करतो. एकट्याने मिळवलेली प्रतिष्ठा एकट्यापुरती असते आणि संघटनेने मिळवलेली पिढ्यांना पुरते, म्हणून संघटना हवी. मात्र प्रत्येक संघटनेने आपल्या घटनेचे पान अधूनमधून उघडून पाहावे. आपण ज्या दारावर धक्के मारले, तेच दार आतून धरून आपण उभे नाही ना, एवढे तपासावे. हे गोल्फच्या क्लबाला लागू आहे, कामगारांच्या युनियनला लागू आहे, साहित्याच्या मंडळाला लागू आहे, आणि अध्यक्षमहाराज, आपल्या व्याख्यानमालेच्या मांडवालाही लागू आहे. मांडवाबाहेर उभे राहून कोणी ऐकत असेल, तर त्याच्यासाठी आत एक खुर्ची सरकवावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.